असिसीकर संत फ्रान्सिस आणि ग्रेच्चोचा नाताळ



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत एका संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां कोणता संत निवडावा हा प्रश्न पुढें आला. विद्वान संत पुष्कळ आहेत, हुतात्मे तर अगणित आहेत. परंतु ज्युबिली म्हणजे सण, आणि सण म्हटला कीं माझ्या डोळ्यांपुढें आपला डिसेंबर महिना उभा राहतो. घरांना रंग देणें, शिंप्याकडच्या खेपा, फराळाचे डबे, अंगणांतले कागदी तारे, परगांवाहून व परदेशांतून येणारीं माणसें, पुढल्या महिन्यांतील लग्नांच्या याद्या, खेळांचे सामने, गव्हाणींच्या स्पर्धा. तीन दिवस चुलीपुढें उभी असलेली आई मध्यरात्रीच्या मिस्सेला बांकावर बसल्याबरोबर पेंगूं लागते. ज्यांनीं महिनाभर खपून गव्हाण बांधली तेच तरुण पवित्र मिस्सा चालू असतां देवळाबाहेर दिव्यांच्या तारा जोडीत उभे असतात. मला त्यांचा राग येत नाहीं. हीं माणसें आळशी नाहींत आणि अश्रद्धहि नाहींत. ज्याच्यासाठीं ही सारी धांवपळ, त्याच्याकडे वळून पाहण्यास मात्र त्यांना सवड उरत नाहीं.

म्हणून ज्याला सण मनापासून आवडत असे अशा एका संताचें चरित्र येथें सांगतों. सणांचा तिटकारा करणारे विरक्त पुरुष आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. त्यांचें ऐकून आपण मान डोलावतों आणि पुन्हां बाजाराला जातों. असिसीकर संत फ्रान्सिस तसे नव्हते.

इटली देशांतील उंब्रिया प्रांतांत एका डोंगराच्या उतारावर असिसी शहर वसलेलें आहे. तेथें पिएत्रो बर्नार्दोने ह्या सधन कापडव्यापाऱ्याच्या घरीं ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिसचा जन्म झाला. आईचें नांव पिका. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचें नांव योहान ठेविलें होतें. बाप त्या वेळीं व्यापारानिमित्त फ्रान्स देशीं गेला होता; तो परत आल्यावर मुलाला फ्रान्सिस म्हणूं लागला, आणि तेंच नांव जगाच्या तोंडीं राहिलें.

फ्रान्सिसच्या तरुणपणाविषयीं चरित्रकार बहुधा घाईनें लिहितात, जणुं तें झांकून टाकावयाचें आहे. मला तो भाग मोलाचा वाटतो. हा तरुण असिसीच्या मेजवान्यांचा म्होरक्या होता. खर्च बापाच्या पेटींतून होई, आणि हात असा सैल कीं हा व्यापाऱ्याचा मुलगा नसून राजपुत्र असावा असें लोकांना वाटे. जेवणें आटोपलीं कीं मित्रमंडळी रात्रीं रस्त्यांतून गात हिंडत, आणि फ्रान्सिसचा गळा त्यांत सर्वांत मोकळा असे. सण कसा मांडावा, माणसें कशीं जमवावीं, गाण्यानें मन कसें उचललें जातें, हें सारें तो त्या वयांतच शिकला. देवानें पुढें त्याच्याकडून तें विद्याधन काढून घेतलें नाहीं.

१२०२ सालीं असिसी व शेजारचें पेरुजा ह्या दोन शहरांत लढाई जुंपली. फ्रान्सिस पकडला जाऊन सुमारें एक वर्ष पेरुजाच्या तुरुंगांत पडला. सुटून आला तो आजारी होऊन. तरीहि शिलेदार होण्याची हौस गेली नव्हती. १२०५ च्या सुमारास नवीं शस्त्रें घेऊन तो दक्षिणेकडील मोहिमेवर निघाला आणि पहिल्याच टप्प्याला, स्पोलेतो गांवीं, एका स्वप्नानें अडवल्यामुळें घरीं परतला.

परतल्यावर मित्रांनीं त्याला पुन्हां मेजवानीचा यजमान केलें. जेवण झालें, मंडळी गात रस्त्यानें निघाली. यजमानपणाची काठी हातांत घेऊन फ्रान्सिस मागून चालला होता. चालतां चालतां तो थांबला. त्याच्या अंतःकरणांत अशी कांहीं गोडी भरून आली कीं पाऊल पुढें टाकवेना, बोलवेना. मित्र मागें वळून आले आणि थट्टा करूं लागले, बायको करण्याचा विचार चालला आहे काय म्हणून. फ्रान्सिसनें होय म्हटलें. त्यांनीं कधीं पाहिली नसेल इतकी सुंदर वधू मनांत आहे, असें सांगितलें. ते हंसले. ती वधू म्हणजे गरिबी, हें त्यांना कळण्याचें कारण नव्हतें. ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं ही कृपा त्याला एखाद्या गुहेंत झाली नाहीं. भर सणाच्या रात्रीं, गाण्याच्या आवाजांत, हातांत यजमानाची काठी असतांना झाली.

पुढचा भाग आपल्याला बहुतेकांस परिचित आहे, म्हणून भरभर सांगतों. ज्यांच्या दर्शनानें त्यांचें मन विटे त्या महारोग्यांपैकीं एकाला त्यांनीं आलिंगन दिलें. संत दामियानच्या पडक्या देवळांत क्रुसासमोर त्यांना देऊळ दुरुस्त करण्याची आज्ञा ऐकूं आली. त्यासाठीं त्यांनीं बापाच्या दुकानांतलें कापड आणि घोडा फोलिन्योच्या बाजारांत विकला. बापानें बिशपांपुढें फिर्याद नेली. तेव्हां १२०६ सालीं फ्रान्सिसांनीं अंगावरचे कपडे उतरून बापाच्या पायांपाशीं ठेविले, आणि बिशपमहाराजांनीं आपल्या झग्याखालीं त्यांना झांकून घेतलें. पोर्सिउंकुलाच्या लहानशा देवळांत मिस्सेचें शुभवर्तमान ऐकून त्यांनीं जोडे, काठी व पट्टाहि टाकला. १२०९ सालीं पोप तिसरे इनोसंट ह्यांनीं त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी मान्यता दिली. १२१२ सालीं, झांवळ्यांच्या रविवारच्या रात्रीं, संत क्लारा घर सोडून आल्या. १२१९ सालीं क्रुसेडच्या धामधुमींत फ्रान्सिस मिसर देशांत दमिएत्ताजवळ गेले, सैन्याची हद्द ओलांडून सुलतान अल्-कामिल ह्याच्यापुढें उभे राहिले, आणि सुखरूप परत आले.

परत आले ते दोन दुखणीं घेऊन. एक डोळ्यांचें. पूर्वेकडील उन्हांत जडलेला तो विकार शेवटपर्यंत बरा झाला नाहीं. दुसरें संघाचें. आरंभीं बारा माणसें होतीं तीं आतां हजारों झालीं होतीं. कोणाला मठ हवे होते, कोणाला पुस्तकें, कोणाला नियम सौम्य हवे होते. १२२० सालीं फ्रान्सिसांनीं संघाचें प्रमुखपद दुसऱ्या बंधूकडे सोंपविलें. तरी नियमावलीचें काम त्यांच्याच माथीं राहिलें. एक मसुदा लिहावा, तो लांब झाला म्हणून पुन्हां लिहावा, वडीलमंडळींच्या तक्रारी ऐकाव्या, असें चाललें होतें. १२२३ सालीं रिएतीच्या खोऱ्यांतील फोंते कोलोम्बो येथील एकांतांत त्यांनीं शेवटचा मसुदा तयार केला. मग रोमची यात्रा. २९ नोव्हेंबर १२२३ रोजीं पोप तिसरे होनोरियस ह्यांनीं त्या नियमावलीवर मोहर उमटविली.

डोळे अधू, पोट बिघडलेलें, मन वादांनीं थकलेलें, आणि नाताळ चार आठवड्यांवर. आपल्यापैकीं कोणीहि अशा वेळीं म्हटलें असतें कीं यंदाचा नाताळ साधेपणानें उरकून घेऊं.

येथें त्या नियमावलींतील एक कलम सांगणें अवश्य आहे. सर्व संतांच्या सणापासून नाताळपर्यंत बंधूंनीं उपवास पाळावा, असें तींत लिहिलेलें आहे. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून जवळजवळ आठ आठवडे पोट रिकामें ठेवून वाट पाहावयाची, आणि मग सण. ख्रिस्तसभेचा आगमनकाळहि ह्याच अर्थाचा आहे: आधीं वाट पाहणें, नंतर आनंद, आणि तो आनंद नाताळच्या रात्रीं सुरू होऊन प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आपण मात्र उलटें केलें आहे. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यांतच गोडधोड सुरू होतें, नाताळचीं गाणीं वाजूं लागतात, केक कापले जातात. आणि २६ डिसेंबरला, ख्रिस्तसभेचा सण नुकताच सुरू झालेला असतां, आपण थकून म्हणतों कीं झाला एकदांचा नाताळ. जो भुकेला आहे त्यालाच जेवणाची गोडी कळते, हें स्वयंपाकघरांत सर्वांना ठाऊक असतें. आध्यात्मिक गोष्टींत तें आपल्याला आठवत नाहीं.

आतां ग्रेच्चोकडे वळूं. रिएतीच्या खोऱ्यांत, कड्याला चिकटून बसलेलें तें एक खेडें आहे. तेथील सरदार जोव्हान्नी हा फ्रान्सिसांचा आवडता होता. कुळानें थोर, पण कुळाची थोरवी पायांखालीं घातलेला मनुष्य, असें त्याचें वर्णन तोमास चेलानोकर करतात. संताच्या मृत्यूनंतर दोनतीन वर्षांतच, पोप नववे ग्रेगरी ह्यांच्या आज्ञेवरून, ह्या तोमासांनीं पहिलें चरित्र लिहिलें. पुढील हकीकत मुख्यतः त्यांच्याच ग्रंथांतली आहे.

नाताळच्या सुमारें पंधरा दिवस आधीं फ्रान्सिसांनीं जोव्हान्नीला बोलावून घेतलें. बेथलेहेमांत जन्मलेल्या बाळाला लहानपणींच काय काय सोसावें लागलें, गव्हाणींत तें कसें ठेविलें होतें, बैल आणि गाढव जवळ असतां पेंढ्यावर कसें पडलें होतें, हें ह्या देहाच्या डोळ्यांनीं पाहण्याची आपली इच्छा आहे, आणि त्यासाठीं जें लागेल तें आधीं जाऊन तयार कर, असा निरोप होता. ज्याची दृष्टि दिवसेंदिवस मावळत होती तो मनुष्य डोळ्यांनीं पाहण्याची इच्छा करतो, हें वाचतांना मी नेहमीं थांबतों. संत बोनाव्हेंतुर पुढें असेंहि लिहितात कीं ही नवीनच टूम आहे असा आरोप येऊं नये म्हणून फ्रान्सिसांनीं पोपमहाराजांची परवानगी घेतली. ख्रिस्तजन्माचीं चित्रें आणि देवळांतलीं नाट्यें त्यापूर्वींहि होतीं. कांहीं ठिकाणीं तीं इतकीं थिल्लर झालीं होतीं कीं वरिष्ठांना लक्ष घालावें लागलें होतें. फ्रान्सिसांना नाटक करावयाचें नव्हतें.

जोव्हान्नीनें काय तयार केलें तें नीट पाहा. एक गव्हाण, तींत वाळलें गवत, एक जिवंत बैल, एक जिवंत गाढव. तोमासांच्या वृत्तांतांत ह्यापलीकडे सामान नाहीं. मरियामातेचें सोंग घेतलेली मुलगी नाहीं, योसेफ नाहीं, मेंढपाळ नाहींत, राजे नाहींत. बाळाची मूर्तीहि त्यांनीं सांगितलेली नाहीं. गव्हाण रिकामी होती.

रात्र झाली तसे निरनिराळ्या ठिकाणांहून बंधु आले. खोऱ्यांतलीं बायामाणसें, ज्याला जशा जमल्या तशा मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगर चढून आलीं. रानांत उजेड पसरला आणि बंधूंच्या गाण्याचा आवाज कड्यांवरून उलटून येऊं लागला. मग त्या गव्हाणीवर पवित्र मिस्सा झाली. बाजूला वेदी मांडून नव्हे, गव्हाणीवरच. फ्रान्सिस हे धर्मगुरु नव्हते. आपण त्या पदाला योग्य नाहीं असें मानून ते शेवटपर्यंत डीकनच राहिले, म्हणून मिस्सा अर्पिणारा धर्मगुरु दुसरा होता. त्याला त्या रात्रीं पूर्वीं कधीं न अनुभवलेलें समाधान लाभलें, असें तोमास लिहितात. फ्रान्सिसांनीं डीकनाचीं वस्त्रें घालून शुभवर्तमान गाइलें आणि मग लोकांना प्रवचन केलें. बेथलेहेम हा शब्द ते मेंढराच्या ओरडण्यासारखा लांबवून उच्चारीत, आणि येशूचें नांव घेतांना ओठांवरून जीभ अशी फिरवीत कीं जणुं त्या नांवाची चव घेत आहेत. असिसीच्या रस्त्यांतला तो जुना गायक येथें पुन्हां दिसतो. पूर्वींच्या मेजवानींत तोच यजमान होता. येथें तो दुसऱ्याच्या मेजवानींतला सेवक झाला आहे.

तेथें असलेल्या एका सत्पुरुषाला, संत बोनाव्हेंतुरांच्या मतें स्वतः जोव्हान्नीला, त्या वेळीं एक दर्शन झालें. गव्हाणींत एक बाळ निश्चेष्ट पडलेलें आहे, फ्रान्सिस जवळ जातात आणि तें बाळ गाढ झोंपेंतून जागें होतें. तोमासांनीं ह्याचा अर्थहि दिला आहे. पुष्कळांच्या अंतःकरणांत बाळ येशू विस्मृतींत निजला होता. ह्या सेवकाच्या द्वारें कृपेनें तो तेथें पुन्हां जागा झाला. ग्रेच्चोचे ते लोक मूर्तिपूजक नव्हते, पाखंडी नव्हते, हें विसरतां कामा नये. ते बाप्तिस्मा झालेले, सण पाळणारे, आपल्यासारखेच ख्रिस्ती लोक होते. बाळ त्यांच्या घरांतून निघून गेलें नव्हतें. तें निजलें होतें, आणि घरांतल्या गडबडींत त्याची कोणाला आठवण झाली नव्हती.

गव्हाणींतलें गवत लोकांनीं जपून ठेविलें, आणि तें खाऊन आजारी गुरें बरीं झालीं असें सांगतात. पुढें त्या जागेवर देऊळ झालें आणि गव्हाणीच्या ठिकाणीं वेदी उभारण्यांत आली. जेथें जनावरांनीं गवत खाल्लें तेथें माणसांना ख्रिस्तशरीर मिळूं लागलें. हा संबंध आपल्या गव्हाणी बांधणाऱ्या तरुणांनीं लक्षांत ठेवावा, एवढी माझी विनंती आहे. आपल्याकडे डोंगर, झरे, पूल, हालणारीं चित्रें, रंगीत दिवे अशी सुबक गव्हाण होते. परीक्षक येतात, लोक छायाचित्रें काढतात. कला देवाचीच देणगी आहे, तिला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु ग्रेच्चोची गव्हाण मिस्सेच्या खालीं होती आणि मिस्सेशिवाय ती रिकामीच राहिली असती. गव्हाण पूर्ण व्हावयाची राहिली म्हणून मिस्सा चुकविणें हें संत फ्रान्सिसांना कोणत्या भाषेंत समजावून सांगतां आलें असतें, मला सुचत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं हा संत खाण्यापिण्याच्या विरुद्ध असेल. तसें समजूं नये. नाताळ हा त्यांना सर्व सणांत थोर वाटे, कारण त्या दिवशीं देव लहान मूल होऊन मानवी आईचें दूध प्याला. एकदां नाताळ शुक्रवारीं आला. त्या दिवशीं मांस वर्ज्य करावें काय, अशी बंधूंत चर्चा चालली आणि बंधु मोरिको ह्यांनीं शुक्रवार असल्यामुळें तें वर्ज्यच असल्याचें मत दिलें. फ्रान्सिसांनीं त्यांना दोष दिला. ज्या दिवशीं बाळ आपल्याला मिळालें त्या दिवसाला शुक्रवार म्हणणेंच चूक; त्या दिवशीं भिंतींनींसुद्धां मांस खावें, आणि त्यांना खातां येत नसेल तर निदान त्यांना तें बाहेरून चोळावें, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आठ आठवडे उपाशी राहणाऱ्याचें हें बोलणें आहे, हें विसरूं नये.

त्यांची आणखीहि एक इच्छा होती. बादशहाची भेट झाली तर आपण त्याला विनवूं कीं त्यानें असा हुकूम काढावा: नाताळच्या दिवशीं गांवांबाहेरच्या वाटांवर गहूं व इतर धान्य टाकावें, म्हणजे पांखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर खावयाला मिळेल, बैलांना आणि गाढवांना त्या दिवशीं नेहमींपेक्षां अधिक वैरण घालावी, आणि श्रीमंतांनीं गरिबांना जेवूं घालावें. हा हुकूम कधीं निघाला नाहीं. बादशहा दुसऱ्या कामांत होता.

ह्याच्या जोडीला ग्रेच्चोचीच दुसरी एक गोष्ट आहे. तोमास ती पास्काच्या सणाची म्हणून सांगतात. संताच्या सोबत्यांच्या आठवणींत ती नाताळची आहे. गोष्ट एकच. एक वरिष्ठ बंधु पाहुणे म्हणून येणार होते, म्हणून बंधूंनीं मेज नेहमींपेक्षां उंच व नीटस मांडलें. पांढरीं स्वच्छ वस्त्रें अंथरलीं, कांचेचीं पात्रें ठेविलीं. फ्रान्सिस खालीं आले, त्यांनीं तें पाहिलें आणि कोणाला कांहीं न बोलतां बाहेर गेले. तेथें एका गरीब यात्रेकरूची टोपी व काठी मिळाली, ती घेऊन दाराबाहेर थांबले. बंधु जेवावयाला बसल्यावर दारांतून यात्रेकरूच्या आवाजांत त्यांनीं देवाच्या नांवानें भीक मागितली. आंत बोलावलें तेव्हां मेजाला न जातां विस्तवापाशीं जमिनीवर बसले आणि हातांत मिळालेलें ताट राखेंत ठेविलें. मग म्हणाले कीं आतां आपण खऱ्या बंधूसारखे बसलों आहों. दारोदार भीक मागून जगणाऱ्यांचें तें मेज आहे असें आपल्याला वाटलें नाहीं. बंधूंपैकीं कित्येक रडूं लागले.

भिंतींना मांस चोळा म्हणणारा आणि राखेंत ताट ठेवणारा मनुष्य एकच कसा, असा प्रश्न पडतो. मला वाटतें कीं दोन्ही गोष्टींत एकच कसोटी आहे. अन्न पुष्कळ असावें, पण त्या दिवशीं दारावर आलेल्याला आंत येण्याची लाज वाटेल असें मेज नसावें. पहिल्या नाताळांत बाळाला धर्मशाळेंत जागा मिळाली नव्हती. पाहुण्यांच्या मानपानाकरितां मांडलेल्या मेजाला त्याच्यासाठीं पुन्हां जागा उरूं नये, हें फ्रान्सिसांना सहन होईना. दुसऱ्या एका प्रसंगीं जेवतांना कोणी बंधु धन्य कुमारी मरियेच्या गरिबीची आठवण काढूं लागला, तेव्हां ते हुंदके देत उठले आणि उरलेली भाकर उघड्या भुईवर बसून त्यांनीं खाल्ली. आपल्या घरांत नाताळला पाहुणे पुष्कळ येतात. त्यांत एकटी राहणारी विधवा, कामाला येणारी बाई, कर्जामुळें ज्याला नवा सदरा शिवतां आला नाहीं असा चुलतभाऊ, हे किती असतात, तें ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक.

ग्रेच्चोहून गव्हाणीची भक्ति संत फ्रान्सिसांच्या पुत्रांनीं देशोदेशीं पोंचविली. ते सोळाव्या शतकांत आपल्या ह्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि आले. वसईच्या किल्ल्यांत त्यांच्या संत अंतोनीच्या देवळाचे अवशेष अजून उभे आहेत. ज्यांनीं २०१३ सालीं फ्रान्सिस हें नांव पोपपदावर प्रथमच घेतलें, ते आतां दिवंगत असलेले पोपमहाराज १ डिसेंबर २०१९ रोजीं ग्रेच्चोला गेले आणि गव्हाणीचा अर्थ सांगणाऱ्या पत्रावर त्यांनीं तेथेंच सही केली. २०२३ सालीं त्या पहिल्या रात्रीला आठशें वर्षें पूर्ण झालीं.

ग्रेच्चोच्या रात्रीनंतर फ्रान्सिस तीन वर्षेंहि जगले नाहींत. १२२४ च्या सप्टेंबरांत ला व्हेर्ना पर्वतावर त्यांच्या देहावर प्रभूचीं पंचक्षतें उमटलीं. गव्हाणींतल्या बाळाची गरिबी ज्यानें डोळ्यांनीं पाहिली त्याला क्रुसावरची गरिबी अंगावर मिळाली. डोळ्यांना तर आतां उजेडच सोसवेना. वैद्यांनीं तापलेल्या लोखंडानें कानशिलाजवळ डाग दिले. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. अशा अंधारांत, १२२५ सालीं, संत दामियानच्या मठाजवळ राहत असतां त्यांनीं सूर्य, चंद्र, वारा, पाणी ह्यांना भाऊबहीण म्हणून देवाची स्तुति करणारें गीत उंब्रियाच्या बोलींत रचलें. गाणें शेवटपर्यंत सुटलें नाहीं.

१२२६ च्या शरदांत त्यांना पोर्सिउंकुलाला आणलें. अंत जवळ आला तेव्हां त्यांनीं स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवावयाला सांगितलें. ३ ऑक्टोबरच्या शनिवारीं सूर्यास्तानंतर त्यांनीं देह ठेविला. ते ज्या झोंपडींत पडले होते तिच्या छपरावर त्या संध्याकाळीं चंडोलांचा मोठा थवा आला. चंडोल हा उजेडाचा पक्षी. तिन्हीसांजेला तो सहसा उडत नाहीं. तरी ते अगदीं खालून घिरट्या घालीत गात राहिले, असें तेथें असलेल्या बंधूंनीं सांगून ठेविलें आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लोकांनीं हातांत डहाळ्या आणि मेणबत्त्या घेऊन त्यांचा देह असिसीला नेला, वाटेंत संत दामियानला थांबून संत क्लारा व त्यांच्या भगिनींना अखेरचें दर्शन घेऊं दिलें, आणि फ्रान्सिस लहानपणीं जेथें अक्षरें शिकले होते त्या संत जॉर्जच्या देवळांत त्यांना पुरलें. १६ जुलै १२२८ रोजीं पोप नववे ग्रेगरी ह्यांनीं असिसीलाच येऊन त्यांना संतपद दिलें.